आखूड दस्त्याची दुनळी

गेल्या महिन्यात मी बंदूक विकत घेतली. वाक्य लिहून दोनदा वाचलं, तरी माझं वाटत नाही! आयोवात राहून पंधरा वर्षं झाली, पण बंदूक घ्यावी असं कधी मनात आलं नव्हतं. शेजारचे आजोबा दर ऑक्टोबरअखेर फेझंटच्या शिकारीला जातात. दोन वर्षं मी त्यांच्या कुत्रीमागून नुसता चालत होतो. यंदा ते म्हणाले, "येणार असशील तर स्वतःची बंदूक घेऊन ये."

जन्म १९७२ नंतरचा असल्यामुळे लायसन्सआधी इथला शिकारीचा कोर्स करावा लागला. तो झाला. बायकोने बजेट ठरवून दिलं, चारशे डॉलर. वर एक सेंट नाही.

एवढ्यात जुनी पंप ॲक्शन सहज येते आणि सगळे तेच सांगत होते. पण मला दुनळीच हवी होती. शहाणं कारण असं, की ती मधोमध मोडली की रिकामी आहे हे लांब उभ्या माणसालाही दिसतं. खरं कारण वेगळं. कोकणात आमच्या माजघरात आजोबांची दुनळी टांगलेली असायची. शेती संरक्षणाच्या परवान्याची, रानडुकरांसाठी. शिकारीचे दिवस तोवर संपत आले होते. १९७२ चा कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने तर उरलीसुरली परवान्याची शिकारही गेली. आमची बंदूक मात्र त्याआधीच गेली. १९९० च्या निवडणुकीआधी नेहमीप्रमाणे ठाण्यात जमा केली, त्याच वर्षी आजोबा गेले आणि बाबांनी परवाना आपल्या नावावर करून घेतलाच नाही. त्याचा राग मी पुढे बरीच वर्षं मनात धरला होता.

असो. तर शेजारच्या आजोबांना घेऊन दुकानं पालथी घातली.

पहिली बंदूक इतकी देखणी, की मी पाकीट काढणारच होतो. नळ्यांवर पाण्यात तेल पसरावं तशी नक्षी. आजोबांनी मान हलवली. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून केलेल्या त्या दमास्कस नळ्या, काळ्या दारूच्या जमान्यातल्या. आजचं काडतूस त्यात घालणं म्हणजे जिवाशी खेळ. दुसरी सोळा बोअरची, भावही बरा. पण जुन्या अमेरिकन सोळा बोअरचं घर बरेचदा २ ९/१६ इंची काडतुसाचं असतं आणि आजचं काडतूस पावणेतीन इंची. गंमत म्हणजे ते आत बसतं! उडताना मात्र त्याचं तोंड पूर्ण उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. बसतंय म्हणजे चालतंय, असं नाही.

तिसरी स्टीव्हन्स ३११, बारा बोअर. ही साधी, कामकरी माणसांची बंदूक, १९८० च्या दशकापर्यंत बनत होती. दोन चाप, पुढचा उजव्या नळीचा, मागचा डाव्या. आजोबांनी पुढचं लाकूड काढलं, बंदूक बंद करून गदागदा हलवली. खुळखुळली नाही. वरची कळ बंद झाल्यावर मधल्या रेषेच्या किंचित उजवीकडेच राहत होती. ती डावीकडे गेली असती तर झीज समजायची. मग नळ्या वेगळ्या केल्या, बोटावर लटकवून पेन्सिलीने टिचकी मारली. घंटेसारखा नाद आला, म्हणजे मधल्या पट्टीचा डाख सुटलेला नाही. मग नळ्या माझ्या हातात देऊन म्हणाले, "दिव्याकडे धर. खड्डे, पोचे दिसतात का बघ."

दिसले नाहीत. तरीही स्वस्त का? कुणीतरी घरातल्या पोरासाठी दस्ता इंचभर कापला होता. त्यामुळे गिऱ्हाईक मिळेना. मी खांद्याला लावली... पाच फूट चार इंचाच्या माझ्यासारख्याला चपखल! साडेतीनशे डॉलर. फॉर्म भरला, दुकानदाराने चौकशी केली आणि बंदूक हातात.

रात्री बाबांना फोन केला. वाटलं होतं, चिडतील. ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "नळीत बघितलंस का?"

"हो बाबा, नळ्या काढून, उजेडाला धरून. साफ आहेत."

"तेरा वर्षांचा होतास. आजोबांची बंदूक खाली काढून नळीच्या तोंडाला डोळा लावून बसला होतास. चापावर अंगठा. भरलेली नव्हती. पण ते मला नंतर कळलं."

मला यातलं काहीही आठवत नाही. बाबांना ठाण्याच्या हेलपाट्यांचा कंटाळा आला असेल, असंच मी धरून चाललो होतो.

सीझनच्या पहिल्या शनिवारी कुत्रीने गवतातून एक नर उठवला. मादी मारायची नसते. पहिला बार हुकला, दुसऱ्याने पडला. हातात घेतला तेव्हा ऊबदार होता. हाही आशियातलाच, १८८० च्या दशकात चीनहून ओरेगॉनला आणलेल्यांचा वंशज. आनंद झाला का? झाला. आणि थोडा वेळ कुणाशी बोलावंसं वाटलं नाही.

घरी येऊन रस्सा केला. त्याआधी दुनळी मोडून पाहिली, पुसली, कुलुपात ठेवली. मग पुन्हा कुलूप काढून एकदा पाहिली. रिकामीच होती.