गॉर्डन स्क्वेअरची नूर

लंडनला पाहुणे आले की आपण त्यांना राजवाडा आणि मेणाचे पुतळे दाखवतो. या वेळी आम्ही मुलांना घेऊन यूस्टन स्टेशनजवळच्या गॉर्डन स्क्वेअर बागेत गेलो. तिथे २०१२ साली बसवलेला नूर इनायत खानचा अर्धपुतळा आहे. सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात गायनशाळा चालवणारे मौलाबक्ष हे तिचे पणजोबा. वडील सूफी संत, बडोद्यातच जन्मलेले.

जून १९४३ मध्ये ब्रिटिशांच्या गुप्त संघटनेने नूरला जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये पाठवलं, बिनतारी संदेश द्यायला. थोड्याच दिवसांत तिचे साथीदार पकडले गेले. परत यायची मुभा असूनही ती पॅरिसमध्ये राहिली. ऑक्टोबरात फितुरीने सापडली. चौकशीत तिने तोंड उघडलं नाही. पण जपून ठेवलेल्या वह्या शत्रूच्या हाती पडल्या आणि तिच्याच नावाने लंडनला खोटे संदेश गेले. १३ सप्टेंबर १९४४ रोजी दाखाऊच्या छावणीत तिला गोळी घातली. वय अवघं तीस. १९४९ साली मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला.

“पण हेर म्हणजे खोटं बोलणारे ना?” धाकटीने विचारलं. आम्हाला चटकन उत्तर सुचेना. जवळच टॅव्हिटन स्ट्रीटवर चार नंबरच्या घरावर तिच्या नावाची निळी पाटी आहे. तिथे उभं राहून सांगितलं, “खोटं बोलणं तिला जमत नसे. तरी याच घरातून निघताना आईला खरं सांगता आलं नव्हतं.”

धाकटी आईचा हात धरून बराच वेळ त्या दाराकडे बघत राहिली.