नाव घालून मिळेल

लग्नात भांडे द्यायचे आणि त्यावर नाव घालायचे नाही, असे पूर्वी आपल्याकडे सहसा घडत नसे. भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर एक गृहस्थ मांडी ठोकून बसलेले असत. पुढ्यात बारीकशी छिन्नी, बोटभर हातोडी आणि गिऱ्हाइकांनी दिलेल्या चिठ्ठ्या. मजकूर ठरलेला : ‘चि. सौ. कां. अमुक हिच्या विवाहानिमित्त सप्रेम भेट’, खाली देणाऱ्याचे नाव आणि तारीख. दर अक्षराप्रमाणे. त्यामुळे काटकसरी मंडळी तिथेच पायरीवर उभी राहून अक्षरे मोजीत आणि ‘स. भेट’वर भागवीत. देणाऱ्याच्या नावातले अक्षर मात्र कुणी कमी केलेले मी पाहिले नाही.

या नावांचा उपयोगही फार. शेजारी पुरणपोळ्या पाठवल्या की डबा कुणाचा याचा वाद नको. कार्यासाठी चार घरची पातेली एकत्र आली, तरी संध्याकाळी आपापली ओळखून घरी नेता येत. आणि भावाभावांत वाटण्या झाल्या, म्हणजे तर ही अक्षरे पुराव्यासारखी वाचली जात!

अंकलिपी हाती येण्याआधी मी वाचायला शिकलो, तो आईच्या भांड्यांवर. आईचे लग्न १९४८ सालचे. आमच्या फळीवर भांड्यांची दोन घराणी होती. सासरकडून आलेल्या भांड्यांवर आम्हाला ठाऊक असलेले तिचे नाव होते. माहेरच्या तांब्यावर, दोन पातेल्यांवर आणि एका हंड्यावर मात्र दुसऱ्याच कुणा मुलीचे नाव, तेही चि. सौ. कां. लावून. मी आईला विचारले, “ही कोण गं?”

आई चिंच लावून तोच तांब्या घाशीत होती. “मीच ती,” ती म्हणाली, “लग्नाआधीची.” आणि तिने पुढचे भांडे ओढून घेतले.

लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीने मुलीचे नवे नाव लिहायची चाल पुष्कळ घरांत होती. अजूनही काही घरांत आहे. गंमत अशी की तांदळावरचे नाव दोन मिनिटांत मोडते, पण तेच जन्मभर चालते. पितळेवर ठोकून घातलेले जुने नाव भांड्याबरोबर माळ्यावर जाते. पुढे स्टेनलेस स्टील आले, कल्हईची कटकट मिटली, आणि घराघरांतून पितळ मोडीत निघाले. मोडीत भांडे वजनावर जाते. त्यावर काय लिहिले आहे ते तिथे कुणी वाचत नाही. आईचा हंडा आणि पातेली तशीच गेली. तांब्या राहिला, तो देवघरात लागत असे म्हणून. त्यावरची अक्षरे चिंच आणि राखेने इतकी झिजली आहेत, की डोळ्यांपेक्षा बोटालाच अधिक कळतात. ते नाव मी इथे लिहीत नाही. आम्हा भावंडांखेरीज तिने ते कुणाला सांगितल्याचे मला ठाऊक नाही.

आता माझ्या उद्योगाकडे वळतो. नोकरीतून मोकळा झाल्यापासून मी काचेच्या बाटल्यांवर नावे कोरतो आणि लग्नात तीच भेट देतो. जुन्या बाजारात जाड काचेच्या, बुचाच्या बाटल्या पाहून ठेवतो. या काचेला आपल्याकडेही चांगला इतिहास आहे. तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली निघाला आणि पुढे ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाने काच खेड्यापाड्यांत पोचवली. माझ्या बाटल्यांच्या बुडाशी कसलीच खूण नसते. त्या कुठल्या, ते विचारू नका.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवीत असे. काचेवर लिहिण्याचा जुना प्रयोग पुस्तकात असायचा : काचेवर मेणाचा थर द्यायचा, सुईने त्यात अक्षर काढायचे, आणि शिशाच्या बशीत फ्लोरस्पारची पूड व गंधकाम्ल तापवून त्याच्या वाफेवर ती काच धरायची. सुईने जेथे मेण निघाले, तेथेच काच खाल्ली जाते. स्वीडनच्या कार्ल शेले या औषधविक्याने १७७१ मध्ये या द्रव्याचा अभ्यास केला, तेव्हा त्याची काचेची उपकरणेच त्याने कुरतडली. इतर आम्ले काचेच्या बाटलीत सुखाने नांदतात. हे मात्र बाटलीलाच खाते. म्हणून ते प्लॅस्टिकच्या भांड्यात ठेवावे लागते.

पण वाचकहो, हा प्रयोग घरी करू नका. हे हायड्रोफ्लोरिक आम्ल सौम्य असले, तर कातडीवर पडल्याचे लगेच समजतही नाही. ते आत उतरते, शरीरातल्या कॅल्शियमला धरते, आणि दुखू लागेपर्यंत पुष्कळ नुकसान झालेले असते. काच कोरण्याची तयार मलमे मिळतात, त्यांतही बहुधा याच कुळातली द्रव्ये असतात. मोठ्या दुकानांत वाळूचा झोत मारून नक्षी काढतात. ती युक्ती अमेरिकेतल्या बेंजामिन टिल्घमन यांनी १८७० मध्ये पेटंट केली. मी यांतले काहीच करीत नाही. माझ्याजवळ सेलवर चालणारे, हातात मावणारे एक कोरणयंत्र आहे. त्याच्या टोकाला हिऱ्याची पूड बसवलेली असते. डोळ्यांवर चष्मा, नाकावर मास्क, बाटली ओल्या फडक्यावर आडवी. आमची सौभाग्यवती याला ‘दंतवैद्याचा दवाखाना’ म्हणते.

नाव कागदावर लिहून तो कागद गुंडाळून बाटलीत सोडायचा. आत तो उलगडतो आणि काचेला टेकतो. मग बाहेरून गिरवायचे. वाटोळी अक्षरे सोपी वाटतात, पण वळणावर टोक घसरते. सर्वांत अवघड शिरोरेषा. बाटलीच्या गोलाईवरून ती सरळ न्यायची, म्हणजे आधी चिकटपट्टी लावून तिच्या कडेकडेने जावे लागते. ‘श’ला मी घाबरतो. रोमन लिपीत नाव घालणाऱ्यांचा मला या बाबतीत थोडा हेवा वाटतो, पण तेवढाच.

काचेची पूड उडू नये म्हणून मधूनमधून पाण्याचा थेंब सोडावा लागतो. आणि पाणी पडले की अक्षरे दिसेनाशी होतात! खरवडलेल्या काचेवर उजेड विखुरतो, म्हणून अक्षर पांढरे दिसते. पाण्याने त्या रेघा भरल्या की विखुरणे कमी होते. तेलाने तर जवळजवळ पुसल्यासारखेच वाटते. पुसून कोरडे केले की नाव पुन्हा जागच्या जागी. पहिल्या बाटलीच्या वेळी मी हा खेळ करीत अर्धी दुपार घालवली.

भाचीचे लग्न गेल्या वैशाखात झाले. मामा म्हणून दोन बाटल्या देणे आलेच. “लग्नात काच कुणी देतं का?” घरातून सवाल आला. “उद्या फुटली, तर अपशकुन म्हणून तुमचंच नाव निघेल.” पण खरी अडचण निराळीच होती. भाचीने आधीच सांगून टाकले होते, “मामा, मी नाव बदलणार नाही. पहिलंही नाही आणि आडनावही नाही.” कायद्याने नाव बदललेच पाहिजे असे कुठे नाही, हे सर्वांना ठाऊक होते, तरी माझ्या बहिणीचा जीव टांगणीला. मुलाच्या आईने म्हणे एक नाव मनात योजून ठेवले होते. बहीण मला हळूच म्हणाली, “तू आपलं ‘उभयतांस सप्रेम भेट’ घाल. नावच नको.”

बिननावाची बाटली द्यायची, तर मग कोरायची कशाला? मी भाचीचे नाव, तिच्या जन्मापासूनचे, एका बाटलीवर घातले, दुसरीवर मुलाचे. आडनावे दोन्हीकडे गाळली. भांडणाला जागा ठेवायची नव्हती, हे कबूल करतो.

लग्नाच्या आठ दिवस आधी मुलाची आई काही याद्या घेऊन आमच्याकडे आली. भाचीची बाटली टेबलावरच होती. बहिणीने ती आत न्यायची खूण केली, पण बाईंनी तोवर उचलली होती. चष्मा लावून त्यांनी नाव वाचले. मग शेजारच्या फळीवर वाळत ठेवलेला आईचा तांब्या त्यांच्या दृष्टीस पडला, आणि ही कोण, असे त्यांनी विचारले. मी सांगितले.

त्या बराच वेळ तांब्याच्या गळ्यावरून बोट फिरवीत बसल्या. “माझ्या माहेरच्या घागरीवर होतं माझं,” त्या म्हणाल्या. “थोरल्या जाऊबाईंनी मोडीत घातली. मुलांना ठाऊकसुद्धा नाही ते नाव.” बहीण चहा टाकायला उठली.

त्या दिवशी नावाचा विषय पुन्हा निघाला नाही. लग्नात तांदळाचे ताट आले, त्यावर त्यांनी मुलाकडून भाचीचेच नाव लिहवून घेतले. याद्यांबरोबर त्या ते मनातले नाव घेऊनच आल्या असतील, असे बहीण अजून म्हणते. मला त्यांना विचारावेसे वाटले नाही.

जाताना दाराशी त्या थांबल्या आणि मला म्हणाल्या, “तुम्ही अक्षराला किती घेता?”

मी म्हटले, “विहीणबाईंना फुकट.”

तिसऱ्या बाटलीसाठी मला पुन्हा जुन्या बाजारात जावे लागले. त्यांच्या नावात एक जोडाक्षर निघाले, ‘श’चे. तेवढ्याला दोन संध्याकाळी लागल्या.