किताबाची पत

बँकेतील नोकरीच्या काळात जुन्या व्यापारी पेढ्यांवर जाण्याचे प्रसंग अनेकदा येत. गादी, तक्क्या, रोजमेळ आणि खतावणी यांच्या जोडीला एखाद्या ठिकाणी भिंतीवर चौकटीत जपलेली सनद दिसे. घरातील कोणा पूर्वजाला इंग्रज सरकारने ‘रावसाहेब’ किंवा ‘रावबहादूर’ केल्याचा तो दाखला असे. तारण, जामीन आणि पत हेच विषय आयुष्यभर हाताळल्यामुळे असेल, त्या सनदेकडे पाहताना मला एकच प्रश्न पडे : ही पत कोणी दिली आणि कशाच्या मोबदल्यात?

या किताबांची रीतसर उतरंड होती. हिंदू व जैन गृहस्थांना रावसाहेब, त्यावर रावबहादूर आणि त्याहून वर दिवाणबहादूर. उत्तरेत ‘राव’ऐवजी ‘राय’. मुसलमान व पारशी गृहस्थांना खानसाहेब, खानबहादूर. नववर्षदिनी आणि बादशहाच्या वाढदिवशी याद्या जाहीर होत. अधिकाऱ्यांच्या शिफारशीला वजन असल्यामुळे दवाखाना वा धर्मशाळा बांधणारा दाता आणि साहेबाची मर्जी राखणारा गृहस्थ एकाच यादीत शेजारी बसत. सरकारी खजिन्याला याची फारशी तोशीस पडत नसे; निष्ठा मात्र आयुष्यभर वसूल होई.

तरीही किताब मिळालेला प्रत्येक जण खुशामतखोर होता, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या उभारणीत अग्रभागी असलेले अण्णासाहेब लठ्ठे कोल्हापूर संस्थानचे दिवाण झाले, ‘दिवाणबहादूर’ म्हणून ओळखले गेले. आणि तेच पुढे १९३७ मध्ये मुंबई प्रांतातील काँग्रेस मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. माणसाची किंमत किताबावरून ठरवू नये, हे दोन्ही बाजूंनी खरे आहे.

कसोटीचा क्षण आला तो किताब सोडण्याचा. जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर १९१९ मध्ये रवींद्रनाथांनी ‘सर’ हा किताब नाकारला. १९२० मध्ये गांधीजींनी ‘कैसर-ए-हिंद’ पदक परत केले. मला मात्र व्यापारी म्हणून अधिक जवळचे वाटते ते वर्ध्याच्या जमनालाल बजाजांचे उदाहरण. असहकाराच्या काळात, १९२१ मध्ये, त्यांनी ‘रायबहादूर’ किताब सरकारला परत केला. कवीचा मान त्याच्या काव्यावर उभा असतो. व्यापाऱ्याला परवाने, ठेके, कचेऱ्या यांच्याशी रोजचा संबंध ठेवावा लागतो. सरकारची नाराजी थेट त्याच्या वहीत उतरते. हे ठाऊक असूनही किताब परत करणे म्हणजे समजून उमजून तोटा पत्करणे होय.

याच काळात एक निराळी पतही निर्माण होत होती. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह चालवले. त्या मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. लोकांनी त्यांना ‘कर्मवीर’ म्हटले. त्यामागे शिफारस नव्हती आणि परतफेडीची अटही नव्हती.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या अनुच्छेद १८ ने लष्करी व विद्याविषयक सन्मान वगळता राज्याने किताब देण्याची प्रथा संपवली. पद्म सन्मान हे किताब नव्हेत, म्हणून ते नावाच्या मागेपुढे लावू नयेत, असेही सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले. ‘रावसाहेब’ मात्र आपल्याकडे बारशात ठेवण्याचे नाव होऊन राहिले.

सरकारी किताब गेले, पण हौस गेली नाही. आपल्या समारंभांतून ‘समाजभूषण’, ‘समाजरत्न’ यांची खैरात आजही होते आणि व्यासपीठावरील जागा पुष्कळदा देणगीच्या आकड्यावरून ठरते. देणगीदाराचा गौरव जरूर व्हावा. त्याच्या देण्यावरच संस्था चालतात. परंतु मानपत्राचा मजकूर लिहिताना कार्यकारिणीने रकमेखेरीज त्या व्यक्तीविषयी आणखी काय लिहिता येते, हे तपासावे. लिहिण्यासारखे काही नसेल, तर पावती आणि मनःपूर्वक आभार पुरेसे आहेत.