घाटाखालचे दाखले

मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या माणसाचे कर्जतविषयीचे ज्ञान बहुधा बटाटावड्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. गाडी थांबते, फलाटावर आरोळ्या उठतात, नोट बाहेर जाते, कागदात गुंडाळलेला वडा आत येतो, तेवढ्यात गाडीच्या मागच्या अंगाला एक दणका बसतो आणि जाणते प्रवासी अजाणत्यांना सांगतात, "बँकर लागले!" १८६३ साली रेल्वेला खुल्या झालेल्या भोर घाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट. पुढच्या इंजिनाला तो एकट्याने झेपत नाही, म्हणून मागून आणखी इंजिने जोडतात. ती गाडीला लोणावळ्यापर्यंत ढकलतात आणि सुटी होऊन पुन्हा खाली कर्जतला येतात. माझा थोरला भाऊ विलायतेस निघाला, तेव्हा आमच्या एका जुन्या गुरुजींनी निरोपाच्या भाषणात आईला या बँकरची उपमा दिली होती आणि ती इतकी लांबवली होती, की शेवटी आईनेच "गुरुजी, लोणावळा आलं" म्हणून त्यांना खाली बसवले.

पण वाचकांना घाट चढवण्याचा माझा विचार नाही. घाटाच्या पायथ्याशी कर्जत आणि खालापूर हे जे दोन तालुके आहेत, त्यांतून गेल्या श्रावणात मी चार दिवस हिंडले, ते एका विलक्षण शोधासाठी. या मुलखात एका म्हाताऱ्या बाईची काळजी घेणारे कोणी नाही, असा पुरावा मला गोळा करायचा होता.

ती बाई म्हणजे माझी आई. वय ८१. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. २००२ साली निवृत्त झाली. कर्जतला आमचे जुने घर आहे, तिथे ती राहते. गेल्या वर्षी पडली आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण आंघोळ, कपडे, अंथरुणावरून उठणे यांना आता माणूस लागते. मी डोंबिवलीस असते, कॉलेजात मराठी शिकवते आणि शनिवार-रविवार कर्जत लोकल गाठते. दादा लंडनच्या हॅरो भागात गेली पंचवीस वर्षे आहे. ब्रिटिश नागरिक झाला आहे. आई पाय धड होते तोवर तिकडे दोनदा जाऊन आली. १९३२ साली स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळातला गणपतीही तिने पाहिला. पण पाहुणीने सहा महिन्यांत परतावे, हा तिकडचा नियम. दादाला आता तिला कायमची न्यायची आहे.

त्यासाठी ब्रिटिश सरकारचा एक मार्ग आहे. त्याचे नाव मराठीत आणायचे तर 'प्रौढ अवलंबित नातेवाईक'. २०१२ च्या जुलैपूर्वी हा मार्ग पुष्कळ रुंद होता. पासष्टी उलटलेली विधवा आई मुख्यतः मुलाच्या पैशांवर जगत असेल आणि तिला इकडे जवळचे कोणी नसेल, तर तिला नेता येई. ९ जुलै २०१२ पासून सारेच बदलले. आता नुसते पैशांचे अवलंबन पुरत नाही. वयामुळे, आजारामुळे वा अपंगत्वामुळे रोजच्या साध्या कामांना दीर्घकाळ दुसऱ्याची मदत लागते, हे दाखवायचे. पुढे आणखी असे दाखवायचे, की मुलाने परदेशातून पैसे पाठवले तरी ती मदत मायदेशात मिळत नाही. एक तर ती उपलब्धच नाही आणि देण्याजोगे माणूसही नाही, किंवा ती परवडत नाही. अर्ज ब्रिटनबाहेरून करायचा आणि मुलाने पाच वर्षे सरकारी मदतीशिवाय सांभाळण्याची हमी द्यायची. या नियमाविरुद्ध काही मंडळी न्यायालयात गेली. २०१७ साली तिथल्या अपील न्यायालयाने नियमच उचलून धरला.

'अवलंब' म्हणजे आधार. ज्याला टेकता येते ते. माझ्या आईला असे टेकायला दोन मुले आहेत. नव्या नियमाला मात्र असा अवलंबित हवा, की ज्याला आपल्या देशात टेकायला काहीच नाही. दादाच्या वकिलाने पत्रात तसे सरळच लिहिले होते: डॉक्टरचे पत्र, मदतनीस मिळत नाहीत याचे पुरावे, आणि 'मी आईला सांभाळू शकत नाही' असे बहिणीचे निवेदन.

पहिल्या दिवशी डॉक्टरांकडे गेले. आईला काय काय करता येत नाही, ते त्यांनी तत्परतेने दोन पाने लिहून दिले. दुसरा मुद्दा काढल्यावर मात्र पेन खाली ठेवले. म्हणाले, "मदत लागते हे लिहिलं. मदत मिळत नाही, हे कसं लिहू? तुमच्याकडे येते ती बाई मीच पाठवली आहे."

ही बाई कशेळ्याच्या बाजूच्या एका ठाकूरवाडीतून येते. पहाटे उठून भाकऱ्या थापते, डांबरी रस्त्यापर्यंत चालते, सहा आसनी रिक्षा मिळाली तर मिळाली, आणि आठाच्या ठोक्याला आमच्या ओटीवर चपला काढते. संध्याकाळपर्यंत राहते. महिना १८ हजार. दादाच्या हिशेबाने हे दीडशे-पावणेदोनशे पौंड. म्हणजे 'परवडत नाही' हे कलम तिथेच निकालात निघाले. आईला ती 'बाई' म्हणते आणि आई तिला रोज दुपारी चार ओळी शुद्धलेखन घालते. पण आषाढात लावणी लागली, की ती तीन आठवडे येत नाही. येणारही कशी? त्या दिवसांत कर्जतच्या खाचरांत ज्याचे हात मोकळे, असा माणूस शोधून सापडायचा नाही. यंदा ते तीन आठवडे मी रजा काढून आणि शेजारच्या काकूंच्या जिवावर काढले. हा पुरावा म्हणून वकिलाला कळवला, तर उत्तर आले: वर्षाचे उरलेले ४९ आठवडे मदत मिळते, असा याचा अर्थ होईल.

दुसऱ्या दिवशी नेरळच्या रस्त्याला गेले. हा रस्ता आता पाहण्यासारखा झाला आहे. डाव्या हाताला माथेरानचा डोंगर, उजवीकडे दूर भीमाशंकरची रांग, आणि मधल्या भातशेतीत जागोजाग फलक: निसर्गाच्या कुशीत घर, निवृत्तीनंतरचे सुख, शहराची गडबड विसरा. मुंबईकर म्हातारपण काढायला या तालुक्यात येऊ लागले आहेत आणि मी इथल्या म्हातारपणाला वाली नाही असे सिद्ध करायला निघालेली! एका ज्येष्ठांच्या वसाहतीत गेले. स्वच्छ खोल्या, प्रत्येक खाटेशी घंटा, रात्रपाळीची परिचारिका. व्यवस्थापक मोठ्या सौजन्याने म्हणाले, "पुढल्या महिन्यात एक खोली रिकामी होते आहे. नाव लिहू?" दुसऱ्या कोणाला हे ऐकून हायसे वाटले असते. मी त्यांचे आभार मानून जिना उतरले.

व्हरांड्यात एक आजोबा बसले होते. त्यांनी हाक मारली. "मुलगा कुठं?" मी सांगितले, मुलगा नव्हे, भाऊ, लंडनला. "आमचा टोरांटोला," ते म्हणाले, आणि मग त्या बाकावर जगाचा नकाशाच उलगडला. कॅनडात आईबापांना पाच-पाच वर्षे राहू देणारा लांब मुदतीचा व्हिसा आहे. कायमचे बोलवायचे तर मात्र तिथले सरकार २०२० साली नोंदलेल्या नावांतूनच वर्षानुवर्षे निवड करीत आले. ऑस्ट्रेलियात स्वस्त रांगेत उभे राहिले, तर वाट पाहण्याचा काळ तीसेक वर्षांचा. "माझं वय ब्याऐंशी," आजोबा हसून म्हणाले. त्या मानाने अमेरिका उदार. मुलगा तिथला नागरिक आणि एकविसाच्या वरचा असला, की आईबापांना संख्येची मर्यादा नाही. बाकावरच्या मंडळींना या नियमांची कलमे तोंडपाठ होती, जशी आमच्या आजीच्या पिढीला एकादशीची नावे असत.

तिसऱ्या दिवशी खोपोली लोकल. कर्जतहून पंधरा किलोमीटरचा हा फाटा: पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि खोपोली. श्रावणातला हा अर्ध्या तासाचा प्रवास ज्याने केला नाही, त्याने कोकणचे दार पाहिले नाही असे मी म्हणेन. डोंगरावरून पाण्याच्या धारा लोंबत असतात आणि गाडी इतक्या सावकाश जाते, की त्या मोजता याव्यात. खोपोलीला घाटमाथ्यावरून उतरलेले टाटांच्या वीजघराचे नळ दिसतात. लोणावळ्याकडच्या तलावांचे पाणी १९१५ पासून त्यांतून खाली येते. त्याच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या आणि तेच पाणी पुढे पाताळगंगेस मिळते.

खोपोलीपलीकडे महड. चवदार तळ्याचे महाड वेगळे. हे अष्टविनायकांपैकी वरदविनायकाचे. देवळातला नंदादीप १८९२ पासून अखंड तेवतो आहे, असे सांगतात. आईचे माहेर इथेच जवळ. मामा आता नाही. मामी ७८ वर्षांची, एक मुलगा पुण्याला, एक पनवेलीस. माझ्या बोलण्याचा रोख तिला आधी कळेना. कळला तेव्हा ती उखडली. "वन्संना कोणी नाही, असं लिहून द्यायला तू इथवर आलीस? मला विचारशील तर लिही, की मी सांभाळते. उद्या आण तिला." दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असलेल्या मामीने मग चाचपडत चहा केला, आणि त्यात साखर दोनदा पडली.

चौथा दिवस कागदपत्रांचा. दादाच्या जन्मदाखल्यावर जिल्हा कुलाबा, पासपोर्टावर रायगड. १९८१ साली जिल्ह्याचे नाव बदलले, हे वकिलाला समजावून सांगण्यातच अर्धी सकाळ गेली. त्यातच एक जुना कायदा आठवला, म्हणजे तसा २००७ चाच. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा. त्याखालचे दावे प्रांताकडे चालतात, आणि कर्जत-खालापूर दोन्ही तालुक्यांचे प्रांत बसतात कर्जतला. आईला पेन्शन आहे, तेव्हा तिला दाव्याचे कारण नाही. पण या कायद्याने मुलगी मुलाइतकीच जबाबदार आहे. परदेशातल्या भारतीय नागरिकांनाही तो लागू आहे, पण दादा ब्रिटिश नागरिक झालेला. म्हणजे उरले मी. माझ्या देशाचे सरकार मला म्हणते, तू सांभाळलेच पाहिजेस. दादाच्या देशाचे सरकार म्हणते, तू सांभाळू शकत नाहीस असे लिही.

रात्री निवेदनाचा मसुदा केला. मी डोंबिवलीत राहते, नोकरी आहे, घर दोन खोल्यांचे, जिना तीन मजल्यांचा, लिफ्ट नाही. यात खोटे एक अक्षर नव्हते. आईच्या नावाचे निवेदनही वकिलाच्या सांगण्याप्रमाणे लिहिले आणि सही करायला तिच्यापुढे ठेवले. तत्पूर्वी मी तिला विचारले, "तुला खरंच जायचंय ना?"

"जायचंय तर," ती म्हणाली. "नात मोठी होतेय. फोनवर तिचं फक्त कपाळ दिसतं."

मग तिने चष्मा लावला आणि सवयीने लाल पेन मागितले. दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. 'माझी येथे काळजी घेणारे कोणीही नाही' या वाक्याशी ती थांबली, आणि ते तिने एका सरळ रेघेत खोडले. समासात लिहिले: 'वस्तुस्थिती लिहावी.' खाली तिच्या वळणदार अक्षरात तीन ओळी घातल्या. एक बाई दिवसा येते व ती चांगली आहे. लावणीत येत नाही. मुलगी आठवड्यातून दोन दिवस येते. मुलाजवळ राहावे अशी माझी इच्छा आहे.

"आई, यावर अर्ज मंजूर होणार नाही."

"मग नामंजूर होईल. पण त्या ठाकरीण पोरीला मी रोज खरं लिहायला शिकवते, आणि ती इथं येतच नाही असं लिहून देऊ?"

तसेच ते पत्र गेले. वकिलाने उलट टपाली कळवले, की या निवेदनावर अर्ज करण्यात अर्थ नाही. फी तीन हजार पौंडांच्या वर आहे, ती वाचवावी. दादा रात्री फोनवर बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, दिवाळीला येतो, सहा आठवड्यांची रजा घेऊन, नातीलाही आणतो. आईने त्या दिवसापासून बाईकडून माळ्यावरचे पितळी डबे उतरवून घेतले आहेत. लावणीच्या वेळी त्याला रजा नाही. तेव्हा पुढल्या आषाढातले तीन आठवडे माझ्याकडे. त्यांतला एक मामीने मागून घेतला आहे, मोतीबिंदू काढून झाल्यावर.