आकुंचनातून आकार

पाषाणाची मूर्ती वजाबाकीने होते आणि मातीची बेरजेने, असे शिल्पाचे दोन ढोबळ वर्ग पाडण्याची आपली जुनी वहिवाट आहे. परंतु पिंजलेल्या लोकरीच्या पुंजक्यात केवळ सुई टोचून टोचून जे शिल्प सिद्ध होते, ते यांपैकी कोणत्या खाती जमा धरावे, हा प्रश्न मला नेहमी पडतो. येथे छाटून टाकावयाचे काही नसते, आणि वरून हवी तितकी लोकर चढविता येत असली तरी तेवढ्याने आकार येत नाही. तो येतो घनतेने. या सुईला नेढे नाही. तिच्या कोनदार पात्यावर टोकाकडे रोख असलेल्या बारीक खाचा असतात, त्या आत शिरताना पृष्ठभागावरील तंतू ओढून नेतात आणि परतताना त्यांना तेथेच सोडून येतात. शिवाय तंतूंच्या अंगावर सूक्ष्म खवले असल्यामुळे एकदा गुंतलेला तंतू सहसा माघार घेत नाही.

ही सुई मुळात कलावंतासाठी घडलेलीच नव्हे. कारखान्यात अशा हजारो सुया एका तक्त्यात बसवून तंतूंचे थर सलग कापडासारखे ठासून काढतात. अमेरिकेत १९८० च्या दशकात डेव्हिड आणि एलिनॉर स्टॅनवुड या दांपत्याने त्यांतली सुटी सुई हाती धरली, तेथून या हस्तकलेचा आरंभ मानतात.

बाजारात या कलेचे मांजरे-घुबडांचे पीक उदंड आहे, आणि त्यातील कसब मी नाकारीत नाही. पण माझे मन रमते ते प्रवाळ, अळंबी, बीजकोश, खडकावरचे दगडफूल अशा रूपांच्या आसपास घुटमळणाऱ्या शिल्पांत. निसर्गात आकार वाढीतून येतो: लेट्यूसच्या पानाची कडा मध्यभागापेक्षा अधिक वेगाने वाढते म्हणून तिला चुण्या पडतात. लोकरीत, उलटपक्षी, जेथे सुई अधिक चालते तेथला भाग दबून कठीण होतो, आणि शेजारचा भाग कोणी न सांगता फुगीर दिसू लागतो. तेथे वाढ विषम, येथे आकुंचन विषम. म्हणून फुलाच्या पाकळ्या मोजून हुबेहूब नक्कल उतरविणाऱ्यापेक्षा, जो लोकरीला तिच्या स्वभावाप्रमाणे आखडण्याची मुभा देतो, तोच निसर्गाच्या अधिक निकट जातो, असे मला वाटते.

कॅलिफोर्नियाच्या स्टेफनी मेट्झ यांनी तर ‘इनटच’ या मालिकेतील लोकरीची शिल्पे प्रेक्षकांनी हाताळावीत म्हणूनच घडविली. संग्रहालयांतील ‘स्पर्श करू नये’ या फर्मानाला इतका रास्त अपवाद दुसरा सुचणे कठीण. कारण कोठे किती सुई चालली आहे, हे डोळ्यापेक्षा बोटाला अचूक कळते.

या शिल्पांचा खरा वैरी मात्र कसर. घोंगडी बाळगणाऱ्या घरांना तिचा उपद्रव ठाऊक असतो. तिच्या अळ्यांना लोकरीतले केराटिन पचते, आणि कलाकृती व कांबळे यांत त्या भेद करीत नाहीत. म्हणून संग्रहालयवाले लोकरी वस्तू काही दिवस कडाक्याच्या थंडीत गोठवून ठेवतात. अल्ताई पर्वतातील पाझिरिक येथे पुरातत्त्वज्ञ सर्गेई रुदेंको यांना १९४९ साली एका थडग्यात नमद्याचे, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचे, हंस सापडले. ते शिवलेले होते, सुईने ठासलेले नव्हते, पण सुमारे तेवीस शतके ते टिकले, तेही थडग्यात शिरलेले पाणी गोठून राहिल्यामुळेच.