माजघरातील मेज

पूल खेळावयाचे मेज माजघरात सहज मावते, असे आमच्या नातवाने घोषित केले, तेव्हा आम्ही त्यास कागद-पेन्सिल घेऊन बसविले. सात फुटी मेजाचा खेळावयाचा भाग ७८ इंच लांब व ३९ इंच रुंद. पण खरी जागा मागते ती काठी! ती ५८ इंचांची. चोहो बाजूंनी मागे ओढता आली पाहिजे. म्हणजे १६ फूट २ इंच लांब व १२ फूट ११ इंच रुंद खोली हवी. आमचे माजघर १८ फूट लांब, १३ फूट रुंद.

"मावले!" नातू ओरडला.

मावले खरे, परंतु टोकाची तीन फूट जागा झोपाळ्याची. त्यावर आमच्या कैलासवासी कुटुंबाने सात नातवंडे जोजविली. झोपाळा काढा, असे कोणीच म्हणाले नाही. सूनबाईसुद्धा नुसत्या आमच्याकडे पाहत राहिल्या, आणि तेच आम्हांस जड गेले.

रात्रभर डोळा लागला नाही. पहाटे आठवले, ४८ इंचांची काठीही मिळते. मग लांबी साडेचौदा फूट पुरते. आखूड काठीने फटका नीट बसत नाही, अशी नातवाची कुरकुर अद्याप चालू आहे. त्या टोकाला कोणी खेळू लागला, की आम्ही पाय टेकून झोपाळा थांबवितो.