राखेतली रात्र

सटाण्यात अब्बांचं वेल्डिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या पंपाचं बिडाचं कवच तडकलं की बागलाणातले शेतकरी ते घेऊन येत. अब्बा जोड मारत, पण तुकडा लगेच हाती देत नसत. गरम राखेत पुरून ठेवत. ‘रातभर पडा रहने दे, अंदर का खिंचाव निकलने दे,’ म्हणत. गिऱ्हाईक चिडे. पण घाईत गार केलेलं बीड जोडाशेजारीच पुन्हा तडकतं, हे अब्बा कुठल्या पुस्तकात शिकले नव्हते.

माझा भाचा आज आखातात वेल्डर आहे. फोनवर त्याच्याशी बोलणं निघतं ते मिठाच्या टाक्यांचं. हे मीठ जेवणातलं नव्हे. ६० टक्के सोडियम नायट्रेट आणि ४० टक्के पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे आपला सोरा. आरशांनी एकवटलेल्या उन्हावर ते पातळ रस ५६५ अंशांपर्यंत तापवतात, टाकीत साठवतात आणि रात्री त्यावर वीज करतात. आमच्या शेजारच्या साक्रीत २०१३ साली उभा राहिलेला सौरप्रकल्प पॅनेलचा. दिवस मावळला की तो बंद. रात्रपाळीच्या विजेवर ज्यानं कांद्याला पाणी भरलंय, त्याला अशा साठ्याचं मोल सांगावं लागत नाही.

पण या टाक्या गळतात. अमेरिकेत नेवाडातल्या क्रेसेंट ड्यून्सची २०१६ मध्ये गळली, मोरोक्कोतल्या नूर-३ ची २०२४ मध्ये. अशा टाक्यांना सहसा ३४७ एच जातीचं स्टेनलेस वापरतात. त्यावर क्रोमियमची साय धरते, म्हणून क्षार त्याला सावकाशच खातो. खरं दुखणं ताणाचं. जोड मारताना त्याच्या आजूबाजूला ताण कोंडून राहतो. तापल्यावर तळ पसरू पाहतो. वरचं हजारो टनांचं ओझं आणि खालच्या पायाशी होणारं घर्षण त्याला पसरू देत नाही. त्या उष्णतेत कोंडलेला ताण सुटू लागतो. पण धातूचे कण आतून घट्ट झालेले असतात, मग सगळी ओढ कणांच्या सीमांवर येते आणि तिथेच भेग पडते.

जोडानंतर पुन्हा तापवून ताण काढता येतो. पण चाळीसेक मीटर रुंदीच्या टाकीला पुरेल एवढी राख आणायची कुठून? भाचा म्हणतो, आमच्या जोडांचे एक्स-रे काढतात. एक्स-रेत पोकळी दिसते, ताण दिसत नाही.

‘मामू, उद्या आमची टाकी गळली तर पहिलं बोट माझ्याकडे होईल. तळ पायाला घासला, त्याला मी काय करू?’

पाया कुणी आखला, टाकी पहिल्यांदा तापवताना किती घाई केली, हे त्यानं विचारून पाहिलं. मुकादम म्हणाला, तू जोड मार.